नलू परबची हरकत

रश्मी, जावईबापू, परबांच्या घरची मंडळी, आणि सोसायटीतले, बाहेरून आलेले तुम्ही सगळे. नमस्कार.

मी वसुधा. दुसऱ्या मजल्यावरची, नलूच्या बरोबर खालची. शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर खुर्च्यांवर माणसं दिसली की अजून आपोआप आवाज चढतो. आज चढत नाहीये. सकाळी आपले सेक्रेटरी जोशी म्हणाले, वसुधाताई, चार शब्द बोलाल ना? मी हो म्हणून बसले. आता इथे उभं राहिल्यावर कळतंय, चार शब्दसुद्धा होत नाहीत. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

गेलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, मनमिळाऊ होती, शांत होती, कधी कुणाला उलट बोलली नाही. नलूबद्दल असं बोलले तर ती वरून खाली येईल. अहो, ती भांडायची. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायची, लिफ्टवाल्याशी भांडायची, माझ्याशी तर रोज. जोशी, तुमच्याशी किती भांडली? हसू नका, सांगा. नको, राहू दे. आज नको.

पण एक सांगते. नलू भांडली आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तिने चहा दिला नाही, असं झालं नाही. भांडण संपवून झोपायची ती. मला मात्र रात्रभर झोप नाही.

जे तिला लांबून ओळखायचे त्यांच्यासाठी सांगते. नलूचे वडील गिरणीत होते, लालबागला. मूळ मालवणकडचे. घरातली पहिली ऑफिसात जाणारी मुलगी ही. विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात आयुष्य काढलं. मग मुलुंडला आपल्या इमारतीत आली, रश्मी तेव्हा लहान होती. पुढे काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. निवृत्तीच्या सुमारास सगळंच गेलं.

रडली का? रडली. मी होते तिथे. खूप रडली. आणि मग एका संस्थेत जाऊन फोन आणि लॅपटॉप कानाने वापरायला शिकून आली. त्यात एक आवाज असतो, पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवतो. नलू तो इतक्या वेगात लावायची की मला एक शब्द कळायचा नाही. मी म्हणायचे, अगं, हा बोलतोय की भांडतोय? ती म्हणायची, तुझ्यापेक्षा बरा आहे, मधलं गाळत तरी नाही.

कारण मी गाळायचे म्हणे! सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवायचे. ते तिला चालायचं. दिवाळी अंक वाचले, तेही चाललं. पण सरकारी कागद असला की हात पुढे करायची. आण इकडे. अगं, आणून काय करणार तू? तर म्हणायची, वसू, पेपर तू वाच. तो सगळ्यांचा आहे. पण सरकारने जे मला सांगितलंय ते मला वाचायचंय. आणि मग तिची मालवणी निघायची. "माका माझा मीच वाचूक होया."

मला माझं मीच वाचायचंय. बास, एवढंच. नलूचं गेल्या वर्षभरातलं सगळं भांडण या एका वाक्याचं होतं. ते तुम्हाला नीट सांगावं म्हणून मी उभी राहिले आहे. सांगायला कारणही आहे, ते शेवटी सांगते.

आपल्या कोपऱ्यावरचा दवाखाना. सरकारी. तुमच्यापैकी अर्धे लोक तिथे बीपीची गोळी घ्यायला जातात, उगाच माना वळवू नका. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाया आपापल्या बाळांना लस द्यायला तिथे नेतात. कुत्रा चावला तर तिथे. आणि नलू तिथे एकटी जायची. हे लक्षात घ्या, एकटी. बाकी सगळीकडे रश्मी न्यायची नाहीतर मी. दवाखान्यापर्यंत मात्र काठी घेऊन, भिंतीच्या कडेने, इस्त्रीवाल्याला हाक मारून ती स्वतःची स्वतः जायची. मी गॅलरीतून बघायचे. तिला ते कळायचं, आणि ती वर न बघता ओरडायची, आत जा गं!

एक दिवस दवाखान्याच्या दारावर चिठ्ठी लागली. लवकरच स्थलांतर. कुठे? हायवेच्या पलीकडे, असं कंपाउंडर म्हणाला. का? ते त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, सगळं वेबसाइटवर आहे, हरकती पण मागवल्यात, मुदत संपत आली.

त्या संध्याकाळी आपण सगळे इथेच, याच पार्किंगमध्ये जमलो होतो. जोशींनी फोनवर ती सूचना उघडली. आठवतंय? कागदाचा फोटो. तोही तिरका. वर गोल शिक्का, तो नेमका मजकुरावर बसलेला. प्रत्येकाने फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठं केलं, चष्मा वर, चष्मा खाली. एक म्हणाला, दुरुस्तीसाठी तात्पुरतं हलवतायत. दुसरा म्हणाला, कायमचंच जातंय. तिसऱ्याला तर आपल्या इमारतीचा नंबर दिसला त्यात! जाम गोंधळ.

नलूने घरी तीच सूचना तिच्या आवाजाकडून वाचून घ्यायचा प्रयत्न केला होता. आवाज एवढंच म्हणाला, "चित्र." पुढे काही नाही. परत दाबलं. "चित्र."

तर आपला गोंधळ चाललेला, आणि ही खुर्चीवर बसून ऐकतेय. शेवटी म्हणाली, मला दिसत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला पण दिसत नाहीये, हे तुम्हाला कधी कळणार?

खरं होतं ना! ते कुणालाच वाचता येत नव्हतं. आपल्याला फक्त डोळे होते म्हणून वाचल्यासारखं वाटत होतं.

मग ती आणि मी त्या कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही, नलूनेही चारचौघांत कधी घेतलं नाही. म्हणायची, नाव घेतलं की एक ऑफिस सुधारतं, बाकीची सुटतात. तिथे टेबलावर तावडे होते. तावडे आज आलेत, मागे बसलेत. तावडे, तुमच्याबद्दल बोलतेय, रागावू नका.

तावडे म्हणाले, ताई, बसा, मी वाचून दाखवतो. चांगला माणूस, चांगल्या मनाने म्हणाला. नलू म्हणाली, हे तुम्ही टाइप कशावर केलं? म्हणाले, कॉम्प्युटरवर. मग? मग प्रिंट काढली. मग? साहेबांची सही घेतली, शिक्का मारला. मग? मग स्कॅन करून वेबसाइटवर टाकलं. नलू म्हणाली, अहो तावडे, म्हणजे कॉम्प्युटरवर होतं ते चांगलं वाचता येत होतं, ते तुम्ही कागदावर काढलंत, आणि कागदाचा फोटो परत कॉम्प्युटरवर टाकलात?

तावडे म्हणाले, हो. शिक्का दिसायला नको?

आता बघा, इथे नलू चिडेल असं मला वाटलं होतं. ती खो खो हसली. इतकी हसली की बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मला म्हणाली, वसू, मी आयुष्यभर काय केलं गं? लोक क्लेमचे कागद घेऊन यायचे आणि मी विचारायचे, शिक्का कुठाय? बायका रडत परत जायच्या, शिक्का आणायला. आता माझ्याच वाटेत तो शिक्का आला.

आणि मग तावड्यांना विचारलं, खंयचे तुमी? देवगडचे निघाले. पुढची दहा मिनिटं दोघं आंब्यावर बोलत होते. मी आपली पाणी पीत बसले.

पण आंबा संपल्यावर तिने अर्ज दिलाच. माहितीच्या अधिकाराचा, ती सूचना वाचता येईल अशी द्या म्हणून. तो कायदा आपण सगळे वापरतो तो असा, की आपण अर्ज करायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचं. नलू म्हणायची, अगं, हा कायदा नीट वाच. त्यात लिहिलंय की मागायची वेळच येऊ नये. लोकांच्या कामाची माहिती कार्यालयांनी आपण होऊन मांडून ठेवायची, लोकांना सहज मिळेल अशी. आणि दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा म्हणतो, मिळेल म्हणजे मलाही मिळेल. दोन्ही कायदे तिला तोंडपाठ. मी म्हटलं, कायदे चांगले आहेत तर मग अडलंय कुठे? म्हणाली, कायद्यात नाही अडलं, सवयीत अडलंय.

आणि मग गंमत झाली. गंमत म्हणजे वाट लागली. अर्जावर उत्तर येईपर्यंत ती सूचनाच गायब! त्या कार्यालयाची नवीन वेबसाइट आली होती. समारंभ झाला, कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला, फोटो आले. नवीन साइट झकास, हिरवीगार, मोठ्या माणसांचे मोठे फोटो. जुनं सगळं गेलं. सूचना नाही, तारीख नाही, काही नाही. तावड्यांना विचारलं तर ते बिचारे म्हणाले, ताई, मलाही सापडत नाही.

त्या दिवशी मात्र नलू चिडली. हसली नाही. रिक्षात मला म्हणाली, वसू, ऑफिसातली फाइल कुणी फाडली तर चौकशी बसते. पान पुसलं तर त्याला नूतनीकरण म्हणतात. मी म्हटलं, मग तसा कायदा नाही का, जपून ठेवायचा? म्हणाली, आहे. सरकारी नोंदी जपायचा कायदा आहे, कॉम्प्युटरवरची नोंदही त्यात येते. पण वेबसाइटचं पान ही नोंद आहे असं कुणाला वाटतच नाही. त्यांना तो नोटीस बोर्ड वाटतो. नवीन कागद लावायचा, जुना काढून टाकायचा. अगं, पण त्या जुन्या कागदाच्या जोरावर ते उद्या माझा दवाखाना नेणार आहेत! म्हणतील, आम्ही कळवलं होतं. कुठे कळवलं होतं ते कोण दाखवणार?

खरंच, कोण दाखवणार?

नलूने अपील केलं. वरच्या साहेबांसमोर सुनावणी झाली, मी बरोबर होते. साहेब तसे सभ्य. म्हणाले, मॅडम, कायद्यातच आहे, दृष्टिहीन व्यक्तीला आम्ही मदत करायची. तुम्ही कधीही या, आमचा माणूस वाचून दाखवेल.

मी मनात म्हटलं, झालं, आता काय बोलणार ही?

नलू म्हणाली, साहेब, आभारी आहे. तुमच्या घरी तुमच्या नावाचं पत्र आलं तर तुम्ही शेजाऱ्याला फोडायला देता का? साहेब म्हणाले, नाही. का नाही? शेजारी वाईट आहे म्हणून? नाही, चांगला आहे. मग का नाही देत?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नलू म्हणाली, तुमचा माणूस एकदा वाचेल. मला त्यातली एक ओळ परत ऐकायची असली तर? पुढच्या महिन्यात शंका आली तर? तेव्हा तो माणूस असेल का? ते पान तरी असेल का? मला मदत नको, साहेब. मदत मला खूप मिळते, माझ्याकडे वसुधा आहे. मला सूचना पाहिजे. शिक्का असलेली तुम्ही ठेवा, खुशाल ठेवा, त्याच्या शेजारी वाचता येणारी ठेवा. आणि दोन्ही तिथून हलवू नका.

माझ्याकडे वसुधा आहे, असं म्हणाली ती.

एक मिनिट.

साहेबांनी मान्य केलं. लिहून दिलं, की सूचना वाचता येत नव्हती. सूचना पुन्हा काढा, दोन्ही प्रकारे टाका, जागेवर राहू द्या, आणि हरकतींची मुदत नव्याने द्या. लोकहो, एका बाईच्या भांडणाने दवाखान्याचं स्थलांतर थांबलं. तात्पुरतं का होईना, थांबलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही हं. पहिल्यांदा जे टाकलं ते जुन्या कुठल्या तरी फॉन्टमधलं होतं. आपल्याला मराठी दिसायचं आणि नलूचा आवाज भलतंच काहीतरी बरळायचा. मला तर वाटलं बिघडलाच तो. नलूने तावड्यांना फोन केला आणि तो आवाज फोनवर ऐकवला. तावडे म्हणाले, ताई, हे मी लिहिलेलं नाही! मग त्यांनी स्वतः बसून सगळं परत टाइप केलं. दुपारी त्यांचा फोन आला. ताई, आता बघा.

मी तिच्याकडेच होते. एरवी ती कानात घालून ऐकायची. त्या दिवशी वायर काढली, आवाज मोठा केला आणि वेग कमी केला. माझ्यासाठी. म्हणाली, बस, ऐक.

आणि तो आवाज वाचायला लागला. सूचना. विषय. दवाखान्याचं नाव. आपल्या रस्त्याचं नाव. सरकारी मराठी हो, त्यात काय गोडी असणार! पण नलूचा चेहरा मी बघितला. ती हात मांडीवर ठेवून बसली होती आणि ओठ हलत होते, त्या आवाजाबरोबर. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पुसायला गेले तर माझा हात बाजूला केला. ऐकू दे, म्हणाली.

मग एक ओळ आली आणि ती ताठ बसली. परत लावलं. परत ऐकलं. कारण. स्थलांतराचं कारण दिलं होतं, "सदर ठिकाणी रुग्णसंख्या अत्यल्प असल्याने."

अत्यल्प! आपल्या दवाखान्यात! लसीच्या दिवशी रांग वडापावच्या गाडीपर्यंत जाते, आणि तो गाडीवाला शिव्या घालतो. हे कारण पहिल्या सूचनेतही होतंच असणार, बरं का. त्या शिक्क्याखाली. आपण सगळ्यांनी मिळून तो फोटो बघितला, आणि कारण कुणालाच दिसलं नाही. कारणच माहीत नाही तर हरकत कशावर घेणार? आपण काय म्हणत होतो? दवाखाना नेऊ नका हो, नेऊ नका. ते काय उत्तर झालं का?

नलूने त्याच दुपारी हरकत लिहिली. स्वतः टाइप केली, स्वतः पाठवली. मला वाचूनही दाखवली नाही! म्हणाली, हरकतींच्या सुनावणीला ये, तिथे ऐक. मी बोलणार आहे. रांगेतल्या बायकांना घेऊन जाणार आहे. आणि पोहे करायला उठली.

सुनावणी येत्या गुरुवारी आहे.

आणि नलू गेल्या आठवड्यात गेली. झोपेत. रश्मी म्हणते, आईला त्रास झाला नाही. बरं झालं. मला मात्र तिचा राग येतोय. खरं सांगते, राग येतोय. एवढं करून ठेवलं आणि नेमकी आता? वर खुर्ची सरकल्याचा आवाज येत नाही आता. मला दुपारी काय करावं ते कळत नाही.

परवा मी त्या कार्यालयात गेले. तावड्यांना सांगितलं. ते उठून उभे राहिले. मग मी विचारलं, तिची हरकत आहे ना आत? गुरुवारी ती वाचली जाईल ना? तावडे म्हणाले, ताई, नियम असा आहे की हरकत घेणारा हजर नसेल तर हरकत निकाली काढतात. मी म्हटलं, अहो, ती गेली आहे. म्हणाले, हो ताई. गैरहजरच लागेल.

तिच्या नावापुढे गैरहजर लागणार आहे. नलू परब, गैरहजर. जिने ती सूचना सगळ्यांना वाचता येईल अशी करायला लावली, ती.

तेव्हा मंडळी, मला आज तिच्या आठवणी सांगून तुम्हाला रडवायचं नाहीये. सूचना तिथेच आहे. मी सकाळीच बघितली, जागेवर आहे, आणि ज्यांना दिसत नाही त्यांनाही ती ऐकू येते. हरकत घ्यायला सोमवारपर्यंत मुदत आहे. कुणाला टाइप करता येत नसेल तर मी दुसऱ्या मजल्यावर आहे, दार उघडं आहे. फक्त आधी ती सूचना वाचा. स्वतः वाचा, मला विचारू नका काय लिहिलंय. आणि गुरुवारी या. बीपीवाले या, कामाच्या बायकांना एक सकाळ सुट्टी द्या आणि त्यांनाही पाठवा. जोशी, तुम्ही तर पुढेच बसायचं.

मी माझी हरकत कालच पाठवली. खाली माझं नाव आहे. कुणाच्या वतीने वगैरे काही लिहिलं नाही. तसं लिहिलेलं नलूला आवडलं नसतं.

आता आपण सगळे उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, ती काही बोलणार नाही. दोन मिनिटं शांत राहू.

नलू, बाई गं, नमस्कार तुला.

आणि मंडळी, शांत फक्त दोन मिनिटंच राहायचं. गुरुवारी तिचं नाव पुकारतील, तेव्हा त्या खोलीत कुणीही गप्प बसायचं नाही.